सांडव्याच्या फळ्या

आमच्या घरापासून माझ्या शाळेपर्यंत जायला एकच वाट होती आणि ती धरणावरून जायची. धरण म्हणजे सरकारी नव्हे. माझ्या सासऱ्यांनी, त्यांना मी मामा म्हणायचे, स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या डोक्याने बांधलेलं. दोन टेकाडांच्या मध्ये ओढ्यावर मातीचा बांध घातला, मागे तळं साठलं, तळ्यात बोटी सोडल्या आणि भंडारदऱ्याच्या रस्त्यावर पाटी लावली. नव्वदीतले दिवस. मुंबई-नाशिककडच्या लोकांना नुकता गाडी काढून कुठेतरी जायचा नाद लागला होता. भंडारदऱ्याला जाता-येता ते आमच्याकडे थांबायचे, बदकाच्या आकाराच्या बोटीत बसून पाय मारायचे, मिसळ खायचे, एकमेकांचे फोटो काढायचे आणि निघून जायचे. बांधाच्या वरच्या अंगाला आमचं घर आणि बोटींची पत्र्याची शेड. खालच्या अंगाला ओढ्याच्या काठाने वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी माझी जिल्हा परिषदेची एका खोलीची शाळा.

मी रोज सकाळी पदर डोक्यावर घेऊन बांधावर चढायचे आणि पलीकडे उतरताना तो खांद्यावर आणायचे. वर मी सून होते, खाली बाई. मामांनी लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं, "नोकरी करू द्या की. पन शाळा बांधाच्या खाली ठिवायची, वर आनायची न्हाई." मी हसून मान हलवली. लग्न ठरताना मुली कशालाही मान हलवतात.

माझं माहेर जामखेडकडचं. आमच्याकडे पाणी यायचं ते टँकरने, आणि टँकर यायचा तो भांडण घेऊन. त्यामुळे नवी नवरी म्हणून पहिल्यांदा बांधावर उभी राहिले तेव्हा एवढं पाणी नुसतं पाय मारायला ठेवलंय, हे मला पटेचना. आधी मी त्या तळ्याच्याच प्रेमात पडले, नवऱ्याच्या नंतर. हे त्यांनाही ठाऊक आहे. ते साखर कारखान्यात होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. तळं रोज होतं.

मामा ठेकेदार होते. नदीवरचे केटी बंधारे बांधण्यात त्यांची उमर गेली. केटी बंधारा म्हणजे पात्रात ओळीने दगडी खांब, खांबांना खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत लाकडी फळ्यांच्या दोन ओळी बसवायच्या, मधे माती ठासायची, की मागे पाणी अडतं. उन्हाळ्याच्या शेवटी पात्र कोरडं पडलं की फळ्या काढून रचून ठेवायच्या. मामांच्या घरी हे सणासारखं चालायचं. खंडेनवमीला थापी, ओळंबा, पहारी यांच्याबरोबर फळ्यांचीही पूजा व्हायची. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, प्रत्येक फळीला हळद-कुंकू लावायच्या. दसऱ्याला सोनं लुटून झालं की दुसऱ्या दिवशी मामा माणसं घेऊन फळ्या टाकायला निघायचे. ठेकेदारी सोडली तरी त्या दिवशी त्यांचे हात शिवशिवायचे.

म्हणून स्वतःचं धरण बांधताना त्यांनी सांडव्यालाही खाचा ठेवल्या. सांडवा म्हणजे बांधाच्या एका टोकाला ठेवलेली दगडी वाट. तळं काठोकाठ झालं की जादा पाणी तिथून वळसा घेऊन ओढ्यात उतरायचं, बांधाला धक्का न लावता. मामा दसऱ्यानंतर त्या वाटेतच फळ्या टाकायचे. तळं आणखी चढायचं आणि मेपर्यंत बोटी तरंगायच्या. पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी बोटीत चढा-उतरायला लाकडी धक्का बांधला. तो जरा उंच झाला. धक्का खाली घेण्यापेक्षा पाणी वर घेतलेलं बरं, असं म्हणून त्यांनी सांडव्यात फळ्यांची आणखी एक ओळ चढवली. कारागीर म्हणून चूक कबूल करण्यापेक्षा पाणी हलवणं त्यांना सोपं वाटलं.

त्याच आठवड्यात रविवारी पाटबंधारे खात्यातले एक साहेब बायको-मुलांना घेऊन बोटिंगला आले. मुलं बदकात बसली आणि साहेब पाय मोकळे करायला बांधावर गेले. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते सांडव्यापाशी उभे होते आणि मामा त्यांना फळ्या दाखवत होते, नवं वासरू दाखवावं तशा कौतुकाने.

"ह्या काढून टाका," साहेब म्हणाले.

मामा हसले. "काढू की. जेठात."

"आत्ता काढा म्हणतोय मी. केटी बंधारा दगडी असतो. त्याच्यावरून पाणी गेलं तर गेलं, तो जागचा हलत नाही. तुमचा बांध मातीचा आहे. ह्याच्यावरून एकदा पाणी वाहायला लागलं की तो राहणार नाही. आणि त्या वेळी फळ्या काढायला जाल, तर निघायच्या नाहीत."

"फळ्या न्हाई निघायच्या?" मामांनी कप बशीत ठेवला. "साहेब, तुमी चड्डीत हुता तवापासनं काढतोय म्या फळ्या."

मी सून होते, ट्रे घेऊन आत जायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर खालची शाळा होती. मी म्हणाले, "साहेब, मग तुम्ही तसं लेखी द्या ना."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी तळ्याकडे पाहिलं. "खासगी आहे हो," ते म्हणाले. "आमच्याकडे सरकारी कामं. ह्याच्यावर मला काय अधिकार? मी आपला पाहुणा म्हणून बोललो." त्यांच्याबद्दल एवढं मात्र सांगायला हवं, की गाडीत बसल्यावर ते पुन्हा उतरले, मामांपाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "तेवढ्या फळ्या काढा." मामांनीही हात जोडले. दोघांच्या हात जोडण्याचा अर्थ वेगळा होता.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एसटीने तालुक्याच्या गावी, अकोल्याला गेले. पाटबंधारे खात्यात सांगितलं, खासगी धरण आमच्याकडे येत नाही, तहसीलला जा. तहसीलला सांगितलं, बाब तांत्रिक आहे, पाटबंधारेकडे जा. मी म्हणाले, तिकडूनच आले. त्यावर कारकुनाने पंचायतीचं नाव काढलं. परत येऊन सरपंचांकडे गेले, तर त्यांनी मला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "धरन घरचं, तक्रार घरची. ठेकेदारांना ठावं हाय का ह्ये?" आपलेच दात, आपलेच ओठ. मी घरी पोचायच्या आत मामांना सगळं ठाऊक झालं होतं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवताना ताटाकडे बघत एवढंच म्हणाले, "शाळा खाली ठिव म्हनलं हुतं." आत्यांनी माझ्या ताटात न मागितलेली अर्धी भाकरी वाढली. तेवढी एक बाजू माझी आहे, असं मी धरलं. पण राग इतका आला होता की ती अर्धी भाकरी तशीच राहिली. खाली माझी पोरं बसतात. ती माझ्या नोकरीचा भाग नव्हती की मी बांधापाशी उतरवून ठेवू आणि उद्या पुन्हा उचलू.

त्यानंतर रोज बांधावरून जाताना माझी नजर आपोआप डावीकडे जायची. पाणी फळ्यांच्या वरच्या कडेला टेकलेलं असायचं. बांधाच्या मध्यावर, जिथून वाळूचा टेम्पो जायचा, तिथे चाकोरी पडून बांध जरा बसका झाला होता. पाणी आणि ती चाकोरी यांच्यात किती अंतर आहे हे मी डोळ्यांनी मापायचे. उजवीकडे खाली शाळेचे पत्रे दिसायचे. एकाच पावलावर उभं राहून दोन्ही दिसायचं, हे फार वाईट होतं.

दिवाळीची सुट्टी लागायला आली आणि परतीचा पाऊस बसला. आमच्याकडे हा पाऊस येतो तेव्हा संध्याकाळी गडगडतो, झोडपतो आणि सकाळी निघून जातो. त्या वर्षी तो गेला नाही. दोन दिवस सलग धरून राहिला. सहामाही परीक्षा चालू होती. गणिताच्या पेपराच्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन बाहेर पडले, तर सांडव्यापाशी मामा आणि वस्तीवरचे बोटी चालवणारे गडी उभे. फळ्यांवरून पाणी पांढरं होऊन कोसळत होतं, पण येणारं पाणी त्याहून जास्त होतं. गड्यांनी लोखंडी आकडे फळ्यांत अडकवून ते दोरानं ट्रॅक्टरला बांधले होते. वरच्या ओळीतल्या एक-दोन निघाल्या. खालच्या हलेनात. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं, मागून सगळं तळं रेटत होतं आणि मधली ठासलेली माती अजून घट्ट होती. ट्रॅक्टरने ओढ घेतली, दोर तुटून चाबकासारखा परत आला आणि एका गड्याचा खांदा फोडून गेला.

तेव्हा मला कळलं की साहेब काय म्हणत होते. मामांनी जन्मभर फळ्या काढल्या त्या जेठात, कोरड्या पात्रात, बिडी ओढत. पाणी अंगावर असताना फळी काढायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. टाकायचा आणि काढायचा हंगाम त्यांना पाठ होता. मधला हंगाम त्यांनी पाहिला नव्हता.

मी जवळ गेले. म्हणाले, "मामा, मी खाली सांगते. वस्ती वर काढायला पाहिजे."

"काय बी सांगायचं न्हाई." त्यांनी फळ्यांवरची नजर काढली नाही. "कालवा-गोंधळ व्हईल. फळ्या निघत्यात आता. उद्या सगळा तालुका म्हनंल, ठेकेदाराचा बांध कच्चा."

"आणि फुटला तर?"

"म्या बांधलाय," ते म्हणाले.

मी सांडव्यावर आडव्या टाकलेल्या ओल्या फरशीवरून पलीकडे गेले आणि बांधावरून निघाले. मधल्या चाकोरीत आले तेव्हा पाणी जवळजवळ तिच्या काठाला लागलं होतं. लाट आली की थोडंसं पाणी आत यायचं, चाकोरीत पसरायचं आणि पुन्हा मागे जायचं. मी ते ओलांडलं आणि उरलेली वाट धावत सुटले. पदर कुठे होता ते मला आठवत नाही.

पोरं पोत्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन शाळेच्या वळचणीला उभी होती. मी कुलूप काढलंच नाही. म्हणाले, आज परीक्षा खंडोबाच्या देवळात. देऊळ वस्तीच्या मागच्या टेकाडावर होतं. मोठ्यांनी लहानांचे हात धरा, वाटेत थांबायचं नाही, जो थांबेल त्याचे गुण कापीन. गुण कापायची भीती पाण्यापेक्षा मोठी ठरली आणि सगळी ओळ टेकाड चढून गेली. पोरांचं सोपं असतं. बाईंनी सांगितलं की झालं.

मोठ्यांचं तसं नव्हतं. गडी सगळे वर सांडव्यापाशी होते, घरांत बाया आणि म्हातारी माणसं होती. मी दारोदार सांगत सुटले, की बांध धोक्यात आहे, देवळात चला. बाया दारात यायच्या, पावसाकडे बघायच्या आणि एकच विचारायच्या, "ठेकेदारांनी सांगितलं का?" वस्तीला कामाला लावलं ते मामांनी, ह्या बायांचं भाकरी थापण्याचं काम मामांच्या हॉटेलात. पाण्यातलं त्यांना कळतं, हे वस्तीने वर्षानुवर्षं पाहिलेलं. मी पाढे शिकवणारी. माझ्या शब्दावर कोण चूल विझवणार?

ओढ्याला अगदी लागून जे घर होतं, तिथली आजी सगळ्या वस्तीची वडीलधारी. ती उठली तर सगळे उठणार होते. तिचा मुलगा वर आकडे लावत होता आणि सून आतल्या खोलीत बाजेवर होती, ओली बाळंतीण. पोराची पाचवी अजून पुजायची होती.

"पाचवी पुजल्याबगर लेकरू उंबऱ्याभाईर काढीत न्हाई आमी," आजी म्हणाली. "आन असल्या पावसात बाळंतीन काढायची म्हंजी तिला मारायचीच."

"आजी, बांध फुटेल."

"तुमाला काय ठावं, बाई? ठेकेदारांनी निरोप धाडला असंल तर उठते. न्हाई तर न्हाई."

मी तिच्या दारात उभी होते. मागे ओढा गढूळ होऊन पायरीला लागला होता. आतून पोराचं बारीक रडणं येत होतं. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. त्या म्हाताऱ्याचा, जो वर एका शब्दाला अडून बसला होता. त्याचा एक शब्द, आणि ही वस्ती उठली असती.

"त्यांनीच धाडलंय मला," मी म्हणाले. "म्हणाले, आधी आजीला काढ."

"खंडुबाची आन?"

"खंडोबाची आण."

मी डोळ्यांची पापणीही हलवली नाही. देवाला काय सांगायचं ते मागाहून बघता येईल, असं वाटून गेलं. आजीने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मग आत वळून ओरडली, "गोधडी काढ गं. ठेकेदारांचा निरोप आलाय."

त्यानंतर कोणाला समजवावं लागलं नाही. हा निरोप माझ्यापुढे पळाला. बाया शेळ्या सोडून, कोंबड्या पाटीखाली झाकून निघाल्या. बाळंतिणीला दोघींनी खांद्यावर हात टाकून चालवली. पोराला आजीने सुपात घेतलं, वर गोधडी आणि गोधडीवर पोतं घातलं. उंबऱ्याशी ती थांबली, चिमूटभर हळद मागून घेतली, उंबऱ्यावर टाकली, "सटवाई, रागावू नगंस, देवळात ये" म्हणाली आणि मगच पाऊल टाकलं. मला तिला ढकलावंसं वाटत होतं. टेकाडाची वाट निसरडी झाली होती. मी शेवटी होते आणि दर दोन पावलांनी मागे बघत होते.

देवळाच्या ओट्यावर पोचलो तेव्हा आधी वास आला. खणलेल्या विहिरीतून यावा तसा कच्च्या मातीचा. मी बांधाकडे पाहिलं. चाकोरीच्या जागेवरून पाण्याची एक रुंद पट्टी खाली उतरत होती. एवढीशी वाटत होती. मग पोत्याची शिवण उसवावी तसा बांध त्या जागी वरून खालपर्यंत उसवत गेला आणि तळं बाहेर आलं.

आवाज फार मोठा होता असं लोक सांगतात. मला तो आठवत नाही. मला दिसलेलं आठवतं. पाणी शाळेपाशी आलं तेव्हा शाळा होती, पुढे गेलं तेव्हा नव्हती. आजीच्या घराचं आढं तरंगत गेलं. आणि त्या सगळ्याच्या मागून पिवळ्या चोचीचं एक बदक आलं, सरळ, उभंच्या उभं, आतल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या, आणि जिथे माझा फळा होता त्या जागेवरून शांतपणे निघून गेलं. एक पोरगी हसली. मग सगळी पोरं एकदम रडायला लागली.

बायांचं लक्ष पोरांकडे नव्हतं. त्या वर बघत होत्या. त्यांचे नवरे, मुलगे सगळे सांडव्यापाशी होते, आणि सांडवा बांधाच्या त्या टोकाला होता. मधे नुसतं पाणी आणि पाऊस. कोण आहे, कोण नाही, काही दिसत नव्हतं. आजी सूप मांडीवर घेऊन बसली होती. मीही माझं माणूस शोधत होते. इतका वेळ ज्याचा राग राग केला, तो म्हातारा कुठे दिसतो का, हे पुन्हापुन्हा बघत होते. हळूहळू पाऊस उतरला. पलीकडच्या टोकाला माणसं हात हलवताना दिसली. बायांनी एकेकाला चालण्या-उभं राहण्यावरून ओळखलं. शेवटी सांडव्याच्या भिंतीवर एक उघड्या डोक्याचा माणूस दिसला. मी मामांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

ते फळ्यांकडे बघत उभे होते. तळं उतरलं होतं, फळ्यांच्या मागे आता पाणी नव्हतं. आता त्या निघाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सगळे साहेब आले. फुटायच्या आधी ते धरण कोणाचंच नव्हतं, फुटल्यावर ते सगळ्यांचं झालं. पाटबंधारेचे आले, तहसीलचे आले, पंचायतीचे तर सगळ्यांच्या पुढे. वरातीमागून घोडं यावं तशी ती मंडळी देवळाच्या सभामंडपात बसली आणि तलाठी पंचनामा करायला लागला. वस्ती भोवती बसली. मामा ओढ्याला वळसा घालून आले होते, खांबाला टेकून बसले होते. रात्रभरात त्यांचा चेहरा उतरला होता.

"माणूस एकही गेला नाही, हे कसं काय?" एका साहेबांनी विचारलं.

"ठेकेदारांनी निरोप धाडला ना," आजी म्हणाली. "सूनबाई आल्या की सांगत. आमी उठत नव्हतो, पन त्यांचाच निरोप म्हनल्यावर उठलो." चार बायांनी माना डोलावल्या. बोटवाले गडी गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले, पण आपल्या बायकापोरांसमोर कोणी काही बोललं नाही.

साहेबांचा चेहरा जरा सैल झाला. तलाठ्याला म्हणाले, "लिहा, मालकाने वेळीच सूचना दिल्यामुळे जीवितहानी टळली."

मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, मामा, गप्प बसा. तुमच्यासाठीच ठेवलाय तो शब्द, घ्या उचलून. आजी तुमच्या बाजूने आहे, साहेब तुमच्या बाजूने आहे, नुसतं गप्प बसा, घर वाचेल. ह्या माणसाने माझं एकदाही ऐकलं नव्हतं. निदान आता ऐकावं, एवढंच मागत होते.

"खोडा त्ये," मामा म्हणाले.

तलाठ्याने हात थांबवला.

"म्या निरोप धाडला न्हाई. सून म्हनत हुती वस्ती काढू. म्या म्हनलं, काय बी सांगायचं न्हाई." त्यांनी घसा साफ केला. "फळ्या बी म्याच टाकल्या. काढा म्हनून सांगणारे सांगून गेलं हुतं. त्ये बी लिवा."

मोडेन पण वाकणार नाही, असा तो माणूस. ज्या हट्टाने त्यांनी फळ्या टाकल्या, त्याच हट्टाने त्यांनी माझं खोटंही अंगाला लावून घेतलं नाही. मला त्यांचा प्रचंड राग आला आणि त्याच क्षणी रडू आलं, आणि दोन्हींतलं खरं कुठलं हे मला आजही सांगता येत नाही.

आजी बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. तिचं घर गेलं होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"मंग आन खोटी घेतली व्हय, बाई?"

"हो, आजी."

तिने मांडीवरचं सूप जरा हलवलं. "बरं केलं," ती म्हणाली. "खंडुबाचं आमी बघून घिऊ." मामांना मात्र ती त्या दिवशी काही बोलली नाही, आणि पुढेही बरीच वर्षं नाही. तेही बरोबरच होतं.

चौकश्या झाल्या. मामांना कोर्टाच्या फेऱ्या पडल्या, त्यांनी त्या एसटीने केल्या आणि प्रत्येक वेळी तेच सांगितलं. वस्तीची घरं उभी करायला आमची रस्त्याकडची जमीन गेली. ह्यांनी एकदा सुट्टीत म्हटलं, "निदान गप्प तरी राहायचं होतं," तर आत्यांनी पहिल्यांदाच मुलाला झापलं, "तू हुतास का तिथं?" बांध परत घातला गेला नाही. फळ्या मामांनी स्वतः काढल्या, एकट्याने. पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला थापी आणि ओळंब्याशेजारी त्या ठेवल्या नव्हत्या.

शाळेचं काय करायचं हा प्रश्न सुट्टी संपल्यावर आला. देवळात थंडी शिरायची. एक दिवस गडी येऊन म्हणाले, ठेकेदारांनी बोटींची शेड झाडून ठेवायला सांगितली आहे. सोमवारी मी पोरांना घेऊन ओढ्याच्या कोरड्या पात्रातून पलीकडे गेले आणि बांधाच्या वर शाळा भरवली. उरलेली बदकं कोपऱ्यात उभी होती. पहिलीची पोरं त्यांत बसून बाराखडी म्हणायची आणि पाय मारायची.

त्या दिवशी मी डोक्यावर पदर घेतला नव्हता. ठरवून नाही, राहून गेला. फळा नव्हता म्हणून शेडच्या पत्र्यावर खडूने बेरजा लिहीत होते. पोरं एकदम गप्प झाली, म्हणून मी वळून पाहिलं. दारात मामा उभे होते. शेड त्यांची, जमीन त्यांची, दाराला बिजागरी त्यांनीच बसवलेली. टोपी हातात होती आणि एक पाऊलही आत नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "आत येऊ का?"

पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, या.